आर.व्ही.तला फ्रिज इन्व्हर्टरवर तासभरही टिकत नाही: बॅटरी बदलू की इन्व्हर्टर?

चाकावरची_सुगरण | १६ मे, २०:१२

नमस्कार मंडळी. इथे आर.व्ही.वाले (राहायची सोय असलेल्या गाड्या बाळगणारे) बरेच आहेत, म्हणून थेट विचारते.

आम्ही फिनिक्सला राहतो. गेल्या हिवाळ्यात २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतला, सेकंडहँड. आधीच्या मालकाने पलंगाखाली १००० वॅटचा इन्व्हर्टर बसवला आहे आणि फ्रिजची वायर त्याला जोडून ठेवली आहे. "फ्रिज बॅटरीवर चालतो, बघायला नको" असं म्हणाला होता. घरी ड्राइव्हवेत ट्रेलर विजेला जोडलेला असतो तेव्हा फ्रिज खरंच छान चालतो, बर्फबिर्फ होतो.

गेल्या शनिवारी पहिल्यांदाच ग्रँड कॅन्यनला नेला. साउथ रिमवर (दक्षिणेकडच्या कडेवर) माथर कॅम्पग्राउंडला जागा मिळाली, तिथे विजेचं कनेक्शन नाही. संध्याकाळी सहाला पोचलो. सातच्या आत इन्व्हर्टर पिपाणी वाजवायला लागला आणि मग बंदच पडला. रात्री हीटरचा पंखाही आचके देत थांबला. मे महिना असला तरी तिथे कडाक्याची थंडी होती, सासूबाई स्वेटरवर स्वेटर घालून बसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रिज उघडला तर इडलीचं पीठ फुगून डब्याबाहेर आलं होतं आणि खालच्या श्रीखंडात उतरलं होतं.

बॅटऱ्या १०० एएचच्या (अँपिअर-तास) दोन, साध्या पाणी घालायच्या, दीड वर्ष जुन्या. डीलर म्हणतो दोन्ही टाका, लिथियम घ्या आणि ३००० वॅटचा इन्व्हर्टर लावा. आकडा ऐकल्यापासून नवरा गप्प आहे. काय करू?

मिरचीचा_ठेचा | १६ मे, २०:३१

इडलीचं पीठ घेऊन ग्रँड कॅन्यनला? तुमचा आयडी सार्थ आहे.

रातकिडा | १६ मे, २०:४०

रुमाल टाकून ठेवतो. आमचाही फ्रिज असेच रंग दाखवतो.

टेक्सासचा_तात्या | १६ मे, २१:०५

डीलरचं ऐका. माझ्याकडे १०० एएचच्या चार लिथियम, २००० वॅटचा प्युअर साइन इन्व्हर्टर आणि छतावर ६०० वॅट सोलर आहे. घरच्यासारखा मोठा फ्रिज चोवीस तास चालतो, दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास खातो. लेड-ॲसिडचे दिवस गेले. एकदाच खर्च करा आणि विसरा.

टेस्टर_हातात | १६ मे, २१:४८

तात्या, जरा थांबा. फ्रिज कोणत्या जातीचा आहे ते कळल्याशिवाय बॅटरीवर बोलण्यात अर्थ नाही.

सुगरणताई, दोन गोष्टी बघून सांगा. एक, ट्रेलरच्या बाहेरून फ्रिजच्या पाठीमागे जाळीचं झाकण असतं, ते काढल्यावर आत कॉम्प्रेसरचा काळा गोल डबा दिसतो, की वाकड्यातिकड्या नळ्या आणि खाली बर्नर? दोन, फ्रिजच्या दारावर कोणती बटणं आहेत आणि त्या दिवशी कोणता दिवा लागला होता?

चाकावरची_सुगरण | १६ मे, २२:२०

टॉर्च घेऊन बघून आले. कॉम्प्रेसर नाही. नळ्या आहेत, खाली पत्र्याची डबी आहे, तिला पितळी नळी येते. बटणं तीन: चालू-बंद, 'ऑटो', 'गॅस'. शिवाय 'चेक' नावाचा एक दिवा आहे. आम्ही नेहमी ऑटोवर ठेवतो. त्या दिवशी 'एसी'चा, म्हणजे १२० व्होल्टच्या विजेचा, हिरवा दिवा होता. आतल्या पट्टीवर १२० व्होल्ट, ३२५ वॅट लिहिलंय.

टेस्टर_हातात | १६ मे, २३:०२

मग चोर सापडला. निदान एक तरी.

हा ॲब्झॉर्प्शन फ्रिज आहे. यात मोटर नाही, कॉम्प्रेसर नाही. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन नळ्यांत बंद असतात. खालून उष्णता दिली की अमोनिया पाण्यातून सुटून वर जातो, थंड होऊन द्रव होतो, फ्रिजच्या आत हायड्रोजनच्या सहवासात त्याची वाफ होते आणि ती होताना आतली उष्णता शोषून घेते. मग अमोनिया पुन्हा पाण्यात विरघळतो आणि फेरा सुरू. म्हणजे पाठीमागे चूल पेटलेली असली तरच पुढे थंडी.

चूल पेटवायचे दोन मार्ग आहेत: प्रोपेनची ज्योत किंवा विजेचा हीटर. तुमचे ३२५ वॅट म्हणजे तो हीटर, घरच्या फ्रिजसारखं मोटरचं सुरू-बंद प्रकरण नाही. गरम हवेत आणि दार सारखं उघडलं तर तो जवळपास सतत पेटलेला राहतो.

आता हिशेब. इन्व्हर्टरमध्ये जाणारी तूट धरली तर बॅटरीतून ३७० वॅट निघतात. १२ व्होल्टने भागा, ३१ अँपिअर आले. तुमच्या दोन बॅटऱ्या मिळून २०० एएच, लेड-ॲसिड अर्ध्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणजे हाताशी १००. तीन तास, फार तर. रात्र काढायची बातच नको.

आणि 'ऑटो' म्हणजे काय? एसी वीज मिळाली तर वीज, नाही मिळाली तर गॅस. ती वीज खांबावरून आली की तुमच्याच बॅटरीतून, हे फ्रिजला कळायचा मार्ग नाही. तो आज्ञाधारकपणे बॅटरी पीत बसला.

कोरा_चहा | १६ मे, २३:१५

चूल पेटली तरच थंडी. आमच्या घरी उलट आहे, चूल पेटली की वातावरण तापतं. (हलके घ्या.)

उंटावरून | १७ मे, ००:०४

अवांतर: हा फ्रिज १९२२ साली स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी शोधला, प्लाटेन आणि मुंटर्स. इंजिनिअरिंग शिकत होते. पुढे इलेक्ट्रोलक्सने तो बाजारात आणला. वीज न पोचलेल्या घरांत रॉकेलवर आणि गॅसवर चालायचा. आइनस्टाइननेही लिओ झिलार्डबरोबर हलते भाग नसलेल्या फ्रिजचं अमेरिकन पेटंट घेतलं होतं, १९३० साली. तेव्हा तुमच्या पिठाने मोठ्या लोकांच्या पंगतीत प्राण सोडला म्हणायचं.

सांगलीचा_वायरमन | १७ मे, ०९:३०

मी आर.व्ही. फक्त यूट्यूबवर पाहिली आहे, पण इन्व्हर्टर म्हटल्यावर राहवत नाही. भारनियमनाच्या काळात सांगली-मिरजेत घरोघरी इन्व्हर्टर बसवले. दीडशे एएचची ट्युब्युलर बॅटरी, वर डिस्टिल्ड वॉटर घालायचं, आणि गिऱ्हाइकाला एकच दम द्यायचा: पंखे, दिवे, टीव्ही, बास. फ्रिज लावायचा नाही. तरी मे महिन्यात आमरस वाचवायला कोणीतरी गुपचूप लावायचंच आणि मग "तुमची बॅटरी खराब" म्हणून मला फोन.

आमच्या फ्रिजची भानगड वेगळी असते. कॉम्प्रेसर चालताना शे-दीडशे वॅट घेतो, पण सुरू होताना एक क्षण कित्येक पट करंट ओढतो. तेवढ्यावर लहान इन्व्हर्टर झोपतो. आणि इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर मोटर गुणगुणते आणि तापते.

हिच्या केसमध्ये मला एक शंका आहे. हिशेब तीन तासांचा सांगताय, मग तासाच्या आत कसा बसला?

टेस्टर_हातात | १७ मे, ०९:५२

वायरमन, नेमकं बोललात. वाटेतही इन्व्हर्टर चालू असेल तर बॅटऱ्या पोचेपर्यंतच निम्म्या झाल्या असणार, कारण ट्रकच्या सात पिनांच्या वायरमधून मागे जेमतेम आठ-दहा अँपिअर येतात आणि फ्रिज तीस ओढतो. पण तेवढंच कारण आहे का, ते मोजल्याशिवाय सांगता यायचं नाही.

ताई, घरी एक प्रयोग करा. रात्रभर चार्ज करा, वीज काढा, तासभर थांबून बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. मग इन्व्हर्टर लावा, फ्रिज एसीवर, घड्याळ लावा. पिपाणी वाजली की लगेच दोन मापं घ्या: एक बॅटरीच्या टोकांवर, दुसरं इन्व्हर्टरच्या टोकांवर.

पाऊलखुणा | १७ मे, १०:४०

आमचा किस्सा ऐका. नवऱ्याने हुशारी करून ट्रेलरची मोठी वायर सरळ इन्व्हर्टरमध्ये लावली, म्हणजे सगळे प्लग चालतील. चाललेही. पण ट्रेलरमधला चार्जरही त्याच विजेवर सुरू झाला आणि बॅटरी बॅटरीलाच चार्ज करायला लागली! आपलीच शेपूट खाणारा साप. सकाळी दोन्ही बॅटऱ्या आडव्या. तेव्हापासून इन्व्हर्टर लावायच्या आधी चार्जरचा ब्रेकर पाडायचा, हे दारावर कागद चिकटवून लिहिलं आहे. मराठीत.

रातकिडा | १७ मे, १०:५५

पाऊलखुणा, साष्टांग नमस्कार. आमचं नेमकं हेच झालंय. धाग्याचे पैसे वसूल.

टेक्सासचा_तात्या | १७ मे, ११:२०

एवढी मोजमापं करण्यापेक्षा गॅसचा फ्रिज काढून १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला बसवा. इन्व्हर्टरच लागत नाही. हल्लीच्या नव्या ट्रेलरांत तोच येतो.

बाल्टिमोरकर | १७ मे, ११:४४

तात्या, तुमचं चूक नाही, पण तिने श्रीखंड कसं वाचवू विचारलंय, तुम्ही डेअरी काढून देताय. आणि लिथियम पाणी गोठण्याच्या खालच्या थंडीत चार्ज करता येत नाही, हेही सांगत चला. कॅन्यनच्या कडेला हिवाळ्यात ते महागात पडेल.

माझा प्रश्न वेगळा. गॅसवर ठेवायचा तर गाडी चालवताना काय? आमच्याकडे बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यांतून प्रोपेनच्या टाक्या असलेला ट्रेलर न्यायला बंदी आहे, वळसा घालून जावं लागतं. पेट्रोल भरताना तर ज्योत विझवलेलीच हवी.

टेस्टर_हातात | १७ मे, १२:३०

मी चालत्या गाडीत टाकीचा कॉक बंदच ठेवतो. आदल्या दिवशीच घरच्या विजेवर फ्रिज गार करून, आत आधीच गार केलेल्या वस्तू ठासून भरल्या आणि दार उघडलं नाही, तर चार-पाच तास काही होत नाही. फिनिक्स ते कॅन्यन तेवढंच अंतर आहे. बरेच जण चालत्या गाडीत गॅस चालू ठेवतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

चाकावरची_सुगरण | १८ मे, २१:१०

प्रयोग केला. मल्टिमीटर शेजाऱ्याकडून आणला.

तासभर थांबल्यावर बॅटरी १२.७. इन्व्हर्टर लावला. १ तास १० मिनिटांनी पिपाणी. त्या क्षणी बॅटरीच्या टोकांवर १२.२ आणि इन्व्हर्टरच्या टोकांवर १०.९! मी चुकून वेगळीकडे लावलं असेल म्हणून तीनदा मोजलं.

आणि काळ्या वायरचा इन्व्हर्टरकडचा जोड हाताला चटका देत होता. त्याच्यावरची रबरी टोपी वितळून चिकटली आहे. बॅटरीकडच्या टोकाला हिरवट पांढरा बुरा आला आहे. वायर आपल्या साध्या पेन्सिलीएवढीसुद्धा जाड नाही, वर '१० एडब्ल्यूजी' छापलंय. अंतर बारा फूट भरलं.

सांगलीचा_वायरमन | १८ मे, २१:२५

बंद करा आधी तो इन्व्हर्टर! फ्यूज केवढ्याचा आहे?

चाकावरची_सुगरण | १८ मे, २१:३३

बंद केला. फ्यूजवर १०० लिहिलंय.

टेस्टर_हातात | १८ मे, २२:१५

धन्य तो आधीचा मालक.

तुमची बॅटरी मेलेली नाही. पिपाणी वाजली तेव्हाही तिच्यात भरपूर जीव होता. १२.२ बॅटरीवर आणि १०.९ इन्व्हर्टरवर, म्हणजे १.३ व्होल्ट वाटेतच गळाले. इन्व्हर्टरला बिचाऱ्याला वाटलं बॅटरी संपली.

१० नंबरच्या तांब्याच्या तारेचा रोध फुटाला सुमारे एक मिलीओहम. जाऊन-येऊन २४ फूट, त्यातून ३४ अँपिअर (व्होल्टेज पडलं की इन्व्हर्टर करंट वाढवतो), म्हणजे ०.८ व्होल्ट तारेतच. उरलेला अर्धा व्होल्ट खराब जोडांत. अर्धा गुणिले ३४ म्हणजे १७ वॅट. त्यातले बरेचसे त्या एका नखाएवढ्या जोडात तापत असणार. चटका बसणारच.

त्याहून वाईट ते फ्यूजचं. १०० अँपिअरचा फ्यूज उडायच्या कितीतरी आधी ती तार जळेल. अमेरिकन मापात आकडा लहान तशी तार जाड. १००० वॅटचा इन्व्हर्टर वापरायचाच असेल तर बारा फुटांना २ नंबरची किंवा त्याहून जाड तार, तारेच्या टोकांना नवे दाबून बसवलेले लग (धातूच्या टोप्या), आणि इन्व्हर्टर शक्यतो बॅटरीच्या जवळ. आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी शेजारी. डीलरचा ३००० वॅटचा याच तारेवर बसवला असता तर इथे वेगळाच धागा निघाला असता.

पण फ्रिजला यातलं काहीच लागत नाही. 'गॅस' दाबा. दिवसाला फार तर दीड पाउंडाच्या आसपास प्रोपेन लागतो. २० पाउंडांची टाकी फक्त फ्रिजला दहा-बारा दिवस तरी पुरते. बॅटरीतून कंट्रोल बोर्डाला लागतो तो एखादा अँपिअर, बऱ्याचदा त्याहून कमी. (हो, गॅसवरही १२ व्होल्ट लागतात. बॅटरी ठार मेली तर गॅस असूनही फ्रिज बंद.) तुमचा हीटरचा पंखाच सात-आठ अँपिअर खातो, बॅटरी त्याच्यासाठी राखा.

चाकावरची_सुगरण | १८ मे, २२:४०

गॅस कधी लावलाच नाही. तो म्हणाला होता की या फ्रिजला गॅसची कटकट नाही. उद्या बघते.

बाल्टिमोरकर | १८ मे, २२:५२

उंचीचं लक्षात घ्या. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत ५,५०० फुटांच्या वर वीजच वापरा असं लिहिलेलं असतं, विरळ हवेत ज्योत नीट जळत नाही. साउथ रिम ७,००० फूट आहे.

पाऊलखुणा | १८ मे, २३:०८

पुस्तिकेत आहे खरं. आमचा ब्राइस कॅन्यनला ८,००० फुटांवर चार दिवस गॅसवर चालला होता, कुरकुर न करता. बर्नर स्वच्छ हवा. आणि ट्रेलर सपाट उभा करा, हा फ्रिज तिरका चालवला की अमोनिया नळ्यांत अडकून बसतो आणि कूलिंग युनिट कायमचं जातं. आम्ही पीठ मळायच्या परातीत पाणी घालून बघायचो, आता लेव्हल आणली.

चाकावरची_सुगरण | १९ मे, १९:५०

गॅस दाबला. टिक टिक टिक, मग 'चेक'चा दिवा. पुन्हा केलं, तेच. शेगडी व्यवस्थित पेटते, म्हणजे गॅस येतोय.

टेस्टर_हातात | १९ मे, २०:१०

आणखी दोन-तीनदा करून बघा, वापर नसला की नळीत हवा असते. तरी नाही पेटला तर टाकी बंद करून, सगळं गार झाल्यावर, बर्नरवरचा पत्रा काढा आणि आत काय दिसतं ते सांगा. जेटच्या (जिथून गॅस सुटतो त्या तोटीच्या) भोकात टाचणी, पिन, काहीही घालायचं नाही, भोक मोठं झालं की ज्योत बिघडते.

चाकावरची_सुगरण | २० मे, १२:२५

आईशप्पथ. कुंभारीण!

बर्नरच्या नळीत कुंभारीण माशीचं घर आहे, अस्सल मातीचं, गावाकडे खिडकीच्या चौकटीत असायचं तसं. गुळगुळीत थापलेल्या दोन कोठड्या, आत वाळलेले कोळी. सासूबाईंनी बघितल्या बघितल्या ओळखलं, म्हणाल्या "घर मोडू नये म्हणतात, पण फ्रिजपुढे इलाज नाही." जुन्या टूथब्रशने आणि बाटली घासायच्या ब्रशने माती काढली, वर हवेचा फवारा मारला. पत्रा लावला, टाकी उघडली, गॅस दाबला.

तिसऱ्या टिकटिकीला भप् करून पेटला. निळी ज्योत, पिवळं टोक नाही.

मिरचीचा_ठेचा | २० मे, १२:३१

म्हणजे माशीने घर बांधलं, गॅस बंद पडला, म्हणून त्या माणसाने इन्व्हर्टर लावला, म्हणून तार तापली, म्हणून डीलरने लिथियम सांगितलं. राजाराणीच्या गोष्टीतल्यासारखं.

टेस्टर_हातात | २० मे, १३:०५

कोळी आणि कुंभारणी इकडे प्रोपेनच्या नळ्यांत नेहमी सापडतात. झाकणाच्या जाळीला आतून बारीक स्टीलची जाळी लावा. हवा मात्र खेळती राहू द्या, फिनिक्सच्या उन्हात या फ्रिजला मागून वारा लागतोच. आणि तिथे कधी अमोनियाचा उग्र वास आला किंवा पिवळे डाग दिसले तर फ्रिज लगेच बंद. मग त्याला ब्रशने इलाज नाही.

टेक्सासचा_तात्या | २० मे, १४:४०

मान्य, डीलरचं ऐका म्हणालो ते घाईचं होतं. पण सोलर लावाच हो, हीटरच्या पंख्यासाठी तरी. १०० वॅटचं एक पॅनल.

कोरा_चहा | २० मे, १४:४८

तात्या हरले तरी पॅनल विकूनच जाणार.

चाकावरची_सुगरण | ३० मे, २१:३५

लाँग वीकेंडला फ्लॅगस्टाफजवळ जाऊन आलो. उंची साधारण कॅन्यनच्या कडेएवढीच. आदल्या दिवशी घरी गार करून ठेवला, वाटेत बंद, पोचल्यावर ट्रेलर सपाट करून गॅस. दुसऱ्या प्रयत्नात पेटला. तीन दिवस फ्रिज ३८ फॅरनहाइटच्या आसपास राहिला, दुपारी ४१ पर्यंत चढला तेवढाच. सकाळी बॅटरी १२.४, हीटर चालूनही. बॅटऱ्या त्याच. नवरा पुन्हा बोलायला लागला आहे.

यावेळी इडल्या झाल्या. इन्व्हर्टर आता रिकामाच आहे, तेव्हा पुढच्या वेळी चटणीला त्याच्यावर मिक्सर लावेन म्हणते, ५५० वॅटचाच आहे.

सांगलीचा_वायरमन | ३० मे, २१:३९

तार बदलली?

चाकावरची_सुगरण | ३० मे, २१:५२

नाही अजून.

सांगलीचा_वायरमन | ३० मे, २१:५३

मग खलबत्ता न्या.